कवेलू गेले, शेगडी राहिली



धान कापून झालं, गावोगावच्या मंडया सुरू झाल्या की आपल्या साकोलीकडे थंडी पाय रोवते. आकाश निरभ्र असतं, दिवसभर जमिनीनं घेतलेली ऊब रात्रभरात निघून जाते, आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा 10 अंशांच्याही खाली येतो. नागपुरात 29 डिसेंबर 2018 ला 3.5 अंशांची नोंद झाली होती, ती पहाट पुष्कळांच्या लक्षात असेल. पण हा सगळा खेळ दोन-अडीच महिन्यांचा. म्हणून कूलरच्या ताट्या आपण होळीच्या सुमारास आठवणीनं बदलतो, पंप चालतो की नाही ते पाहतो. थंडीची तशी तयारी मात्र कोणी करत नाही. माळ्यावरचा रॉड काढला, शेगडीतली जुनी राख झटकली, झालं. वर्षातले नऊ-दहा महिने पडून राहिलेल्या या वस्तूंविषयी आज मला बोलायचं आहे.

आधी शेगडी. आपली जुनी घरं मातीच्या भिंतींची, वर कवेलू. पाऊस गळे, माकडं कवेलू फोडत, दर उन्हाळ्यात छत फेरावं लागे. पण त्या हजार फटींतून घर श्वास घेत होतं. खोलीत विस्तव ठेवला तरी हवा खेळती राही. आता घरकुल आलं, स्लॅब पडला, सरकत्या काचांच्या खिडक्या बसल्या. थंडीत दाराखालच्या फटीतही आपण चिंध्या कोंबतो. घर बदललं, शेगडी तीच राहिली.

धूर निघून गेला, निखारे लाल झाले, आता शेगडी आत घ्यायला हरकत नाही, असं आपण समजतो. खरा धोका तिथूनच सुरू होतो. धूर निदान डोळ्यांना झोंबतो, माणूस उठून दार उघडतो. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. डोकं जड होतं, मळमळतं, सुस्ती येते. घरातले म्हणतात, थंडी बाधली, झोपू दे. आणि झोपलेल्या माणसाला तर काहीच कळत नाही.

बाळंतिणीच्या खोलीबद्दल मी मुद्दाम बोलतो, कारण आपल्याकडे ती खोली सर्वांत जास्त बंद केलेली असते. आजींनी, मावशींनी रागावू नये. शेक देऊ नका असं मी म्हणत नाही. विस्तव अंगणात फुलवा, शेक देईपर्यंत दार-खिडकी उघडी राहू द्या, आणि शेक झाला की शेगडी बाहेर न्या. बाळ-बाळंतीण झोपलेल्या खोलीत रात्री विस्तव नको म्हणजे नकोच. त्यापेक्षा एक गोधडी जास्त घाला.

न्हाणीघरातला गॅस गिझर हा या शेगडीचाच शहरी भाऊ. खोली चार बाय सहाची, वरच्या झरोक्याला थंडीसाठी पुठ्ठा लावलेला, आणि आत ज्योत पेटलेली. हा गिझर बाहेर, मोकळ्या हवेत बसवायचा आणि आत फक्त पाण्याचा पाइप आणायचा. आधीच आत बसवला असेल तर तो हलवेपर्यंत दार उघडं ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, मग आंघोळीला जा. पहिल्यांदा पेटवण्याआधी बर्नर साफ करून घ्या. बंद पडलेल्या बर्नरच्या भोकांत कोळी जाळं करतो. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली तर गॅस नीट जळत नाही. रबरी नळी वाकवून बघा, तडे दिसले तर बदला.

आता वीज. पाण्यात सोडायचा रॉड बहुधा 1500 वॉटचा असतो, म्हणजे साडेसहा अँपिअरचा ओढा. मोबाइल चार्जिंगच्या 6 अँपिअरच्या प्लगवर तो लावला की प्लग वितळतो, आणि आपण रॉडला शिव्या देतो. त्याला 16 अँपिअरचा तीन पिनांचाच प्लग हवा. वायर उंदरांनी कुरतडली आहे का, नळीवर गंजाचे खड्डे पडले आहेत का, हे उजेडात पाहा. बादली प्लास्टिकची घ्या. पाणी तापलं का हे बोट घालून पाहण्याची आपली जुनी खोड. बटण बंद करून, प्लग काढून मग खुशाल बोट घाला.

अर्थिंगकडेही असंच लक्ष हवं. पावसाळ्यात जमीन ओली असते, तोवर अर्थिंग चोख चालतं. थंडी सरता सरता खड्डा कोरडा पडतो आणि वीज जमिनीत उतरायला अडखळते. त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओता. मेन बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, असेल तर त्याचं टेस्टचं बटण दाबा. खटका पडला पाहिजे.

साठवणीच्या गिझरमध्ये आधी पाणी भरा. गरम पाण्याच्या नळातून धार येऊ लागली की मगच बटण दाबा; कोरडा तापला तर कॉइल जळते. बोअरच्या जड पाण्यानं कॉइलवर पांढरा थर चढतो, गिझर कढकढ आवाज करतो, पाणी तापायला वेळ लागतो. मेकॅनिकला बोलावून तो थर काढून घ्या. आणि खालच्या व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं म्हणून कित्येक जण तिथं बूच मारतात. कृपा करून तसं करू नका! 25 लिटर पाणी 20 वरून 60 अंशांवर नेलं की ते जवळजवळ 400 मिलिलिटरनं फुगतं. त्या फुगलेल्या पाण्याला वाट हवी म्हणून तर तो व्हॉल्व्ह आहे. गरम पाण्याचा पाइप सीपीव्हीसीचाच घ्या. साधा पीव्हीसी पाइप 60 अंशांच्या आसपास मऊ पडतो आणि जोडात सुटतो.

आपल्याकडे निदान नळ गोठत नाहीत. पाण्याचं बर्फ झालं की ते साधारण नऊ टक्के पसरतं आणि पाइप फोडतं. अमेरिकेत टेक्सास हा उन्हाळ्याचा मुलूख. तिथं फेब्रुवारी 2021 मध्ये अशी थंडी पडली की वीज गेली आणि असंख्य घरांत पाइप फुटले. थंडीची सवय असलेल्या मुलखात पाइप झाकलेले असतात. टेक्सासनं तयारी कूलरची केली होती, आपल्यासारखीच.

जाता जाता एक फुकटची युक्ती. रात्री भरून ठेवलेली गच्चीवरची टाकी पहाटे 14-15 अंशांवर येते. त्याच वेळी बोअरचं किंवा खोल विहिरीचं ताजं पाणी 25-26 अंशांचं असतं, कारण जमिनीच्या पोटात वर्षभर तापमान फारसं हलत नाही. म्हणून तर थंडीत विहिरीतून वाफा निघताना दिसतात, आणि कार्तिकात पहाटे विहिरीवर आंघोळ करणारी म्हातारी माणसं कुडकुडत नसत. 20 लिटरची बादली 40 अंशांवर न्यायला टाकीच्या पाण्याला साधारण 0.6 युनिट वीज लागते, ताज्या पाण्याला त्याच्या निम्म्याच्या आसपास. तेव्हा थंडीचे दोन महिने मोटार रात्री नको, सकाळी आंघोळीच्या वेळी चालवा, आणि थेट बादलीत पाणी घ्या. गिझरच्या दुकानदाराकडून हा सल्ला मिळण्याची वाट पाहू नका.