गाईच्या पोटातला वेळ

शिरूर-दौंडच्या वाड्यावस्त्यांवर रात्री-अपरात्री जनावरांसाठी धावून जाणारे माझे पशुवैद्यक सहकारी आणि पशुपालक बंधुभगिनींनो,

या संमेलनाचा अध्यक्ष म्हणून आज एकाच प्रश्नावर बोलतो. आजारी गाईच्या पोटातून चारा पुढे सरकायला किती वेळ लागतो, आणि तो अडतो कुठे?

भीमा आणि घोडच्या पाण्यावर आपल्याकडे ऊस उभा राहिला. तोडणीच्या हंगामात गव्हाणीत उसाच्या वाढ्यांचा ढीग पडतो. पावसाने ओढ दिली की जिरायत पट्ट्यात नुसत्या कडब्यावर दिवस काढावे लागतात. दूध वाढावं म्हणून संकरित गाईचा मक्याचा भरडा एकदम वाढवला जातो. त्यात लग्नातलं उरलेलं अन्न आणि प्लास्टिकच्या पिशव्या. मग फोन येतो, "डॉक्टर, गाय रवंथ करीना, शेणही टाकीना." आपण डाव्या भकाळीवर मूठ ठेवून कोटीपोटाची, म्हणजे गाईच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्याची, हालचाल मोजतो. निरोगी जनावरात ती दोन मिनिटांत साधारण दोन-तीनदा होते. ताप पाहतो, उपचार सुरू करतो. वेळेची नोंद मात्र राहून जाते.

ही नोंद घेण्याचं शास्त्र जुनं आहे. १९५० साली इंग्लंडमध्ये संशोधक बाल्च यांनी दुभत्या गाईंना रंगवलेले चाऱ्याचे कण खाऊ घातले आणि ते शेणात कधी व किती उतरतात हे मोजलं. पुढे घन भागासाठी क्रोमियम बसवलेला तंतू आणि द्रवासाठी कोबाल्ट-ईडीटीए अशा, शेणात मोजता येणाऱ्या खुणा वापरात आल्या. निरोगी गाईत तंतुमय कण सरासरी दोन-तीन दिवस पचनमार्गात राहतात. द्रव त्याहून लवकर पुढे जातो.

इथे फसगत होऊ शकते. तोंडावाटे दिलेली खूण आधी कोटीपोटाच्या शे-दीडशे लिटरच्या हौदात मुरते आणि मग सुमारे ४० मीटर लांबीच्या लहान आतड्यात उतरते. एकूण वेळ वाढला म्हणून आतड्याला दोष देता येत नाही. १९७३ साली ग्रोव्हम आणि विल्यम्स यांनी मेंढ्यांवरच्या अभ्यासात शेणातल्या खुणेच्या प्रमाणाच्या आलेखाची फोड करून दाखवली. खूण शेणात प्रथम दिसेपर्यंतचा वेळ प्रामुख्याने कोटीपोटाच्या पुढच्या नळीतल्या प्रवासाचा असतो. नंतर तिचं प्रमाण संथपणे ओसरतं, तो उतार कोटीपोटाचा. पहिला वेळ लांबला तर आतड्यातल्या अडथळ्याचा विचार करायचा. उतार मंदावला तर सुस्तावलेल्या किंवा प्लास्टिकने भरलेल्या कोटीपोटाचा. हा फरक जिवावरचा आहे, कारण खरा अडथळा असताना हालचाल वाढवणारं औषध देणं धोक्याचं ठरतं.

आजारी गाईचा आकडा एकटा वाचू नये. खाणं घटलं की पुढे सरकणंही मंदावतं. नुकत्याच व्यालेल्या गाईत कॅल्शियम घटलं तरी पोट-आतडी सुस्तावतात. उलट भरड्याने आम्लता वाढून कोटीपोटाचा सामू (pH) साडेपाचाखाली गेला की शेण पातळ होतं आणि त्यात दाणे अख्खे दिसू लागतात. म्हणून वेळेशेजारी चारा, पाणी आणि विण्याची तारीख असायलाच हवी.

क्रोमियम-कोबाल्टच्या खुणा शेतकऱ्याच्या गोठ्यात नेऊ नयेत. तिथलं दूध माणसांच्या घरी जातं. ते काम शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयासारख्या संस्थेत, रीतसर परवानगीने व्हावं. आपल्या रोग्यांचे प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचवणं ही आपली जबाबदारी.

गोठ्यात मात्र आजपासून बरंच करता येईल. गाईने शेवटचं कधी खाल्लं, रवंथ कधी थांबला, शेवटचं शेण कधी पडलं आणि उपचारानंतर पहिलं कधी, हे घड्याळ पाहून लिहा. मूठभर शेण चाळणीवर पाण्याने धुवा. लांब तंतू, अख्खे दाणे, प्लास्टिकचे तुकडे वेगळे दिसतील. गोठ्यातल्या माउलींना गाईची रोजची खोड आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते. त्यांना विचारा, वही त्यांच्याच हाती द्या.

माझी विनंती आहे की दोन्ही तालुक्यांत या नोंदींचा एकच नमुना ठरवावा आणि येत्या गळीत हंगामापासून पोटाच्या प्रत्येक रोग्यासाठी तो भरावा. हंगाम संपला की वाढ्यांवरच्या, कडब्यावरच्या आणि भरड्यावरच्या गाईंच्या नोंदी शेजारी शेजारी मांडू. पुढच्या संमेलनाचं पहिलं सत्र त्या नोंदींच्या वाचनाला द्यावं, असा ठराव मी आपल्यापुढे ठेवतो.