अग्नी, डोंगर आणि आपली दीपमाळ
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



त्रिपुरी पौर्णिमेला दीपमाळेच्या पणत्या लावायला आपण देवळात धावायचो, आठवतंय ना? पुढे नोकरीनिमित्त चेन्नईला गेलो आणि त्याहून मोठी दीपमाळ पाहिली. तिरुवण्णामलईचा अरुणाचल डोंगर!

दक्षिणेत पंचमहाभूतांची पाच शिवक्षेत्रं मानतात. त्यांतलं हे अग्नीचं. कथा अशी, की श्रेष्ठ कोण यावरून ब्रह्मा-विष्णू भांडले, तेव्हा शिव अग्नीचा स्तंभ होऊन उभा राहिला. विष्णू वराह होऊन खाली गेला, ब्रह्मा हंस होऊन वर. विष्णूने ‘तळ सापडला नाही’ असं कबूल केलं, ब्रह्मा मात्र टोक पाहिल्याची थाप मारून आला. (गृहपाठ घरी राहिला म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी!) ते तेज लोकांना सोसवेना, म्हणून शिव शांत होऊन डोंगर झाला. म्हणजे तिथला डोंगर हाच निवलेला अग्नी.

कृत्तिका नक्षत्राची देवता अग्नी. तमिळ कार्तिगई महिन्यात त्या नक्षत्रावर पहाटे देवळात भरणी दीप लागतो. संध्याकाळी सुमारे २,६०० फूट उंचीच्या माथ्यावर मोठ्या कढईत तुपाची ज्योत पेटते. लोक चौदा किलोमीटरची प्रदक्षिणा अनवाणी घालतात.

पण १ डिसेंबर २०२४ ला फेंगल चक्रीवादळाच्या पावसात याच डोंगराची दरड पायथ्याच्या घरांवर कोसळली. सात जण गेले, त्यांत पाच मुलं. १३ तारखेला दीप लागला, पण भाविकांना डोंगर चढायला बंदी होती. मी खाली गर्दीत उभा होतो. ज्योत दिसली, हात जोडले गेले, पण नजर उतारावरच्या घरांकडे जात राहिली. ज्याला देव म्हणतो, त्याच्या अंगावर किती ओझं टाकायचं?

इथे आलो तर शाळेमागची टेकडी निम्मी खोदलेली. उरलेल्या अर्ध्या टेकडीवर दर उन्हाळ्यात वणवा. पणतीचा अग्नी आपण राखतो. वणव्याचा कोण विझवणार?

म्हणून एक विनंती. येत्या पावसाळ्यात आपल्या तुकडीने त्या टेकडीवर झाडं लावावीत, उन्हाळ्यात जाळपट्टे काढावेत आणि त्रिपुरीला पुन्हा दीपमाळ उजळावी. सर, या वेळी गृहपाठ नक्की करू.