आठांतले सात



पदवीपत्रावर आपल्या नावाचा ऱ्हस्व-दीर्घ बरोबर आहे ना, हे तुम्ही मघाशीच तपासलं असेल. तपासायलाच हवं.

तुमच्यापैकी कितीतरी जण रिसाला बाजार, पलटन, तोफखाना, पेन्शनपुरा असे पत्ते लिहीत मोठे झालात. इथे हिंगोलीत हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी होती. पैसा निजामाचा, हुकूम इंग्रजांचा. याच फौजेच्या खर्चापोटी १८५३ मध्ये वऱ्हाड कंपनीकडे गेलं. आणि रिसाला म्हणजे घोडदळ.

१५ जानेवारी १८५९. रिसोड भागातलं चिचांबा. रोहिल्यांची टोळी लूट घेऊन निघाली होती. दुसऱ्या रिसाल्याचा कॅप्टन हर्बर्ट क्लॉगस्टन फक्त आठ स्वार घेऊन तिच्यावर तुटून पडला. टोळीला परत गावात शिरावं लागलं, शेवटी लूटही टाकावी लागली. क्लॉगस्टन जबर जखमी झाला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि १८६२ च्या मे महिन्यात याच हिंगोलीत त्याचा अंत झाला. सरकारी नोंद त्या टोळीला 'बंडखोर' म्हणते. सत्तावनच्या धामधुमीनंतर बंडखोर कोण आणि लुटारू कोण, हे लेखणी कोणाच्या हाती आहे यावर ठरत होतं, ते असो.

क्लॉगस्टनच्या शौर्याविषयी मला शंका नाही. मी अडतो ते त्या नोंदीच्या शेवटाशी. बरोबरच्या आठांपैकी सात त्याने गमावले, एवढंच तिथे आहे. आकडा आहे, नाव एकाचंही नाही. व्हिक्टोरिया क्रॉस हिंदी सैनिकांना खुला झाला तो १९११ मध्ये.

हे स्वार शिलेदारी पद्धतीचे. घोडा सरकारचा नसे. शिलेदाराचा स्वतःचा, नाहीतर बारगीर दुसऱ्याच्या घोड्यावर बसे. म्हणजे त्या दिवशी कोणाच्या घरून माणूस गेला, कोणाची पुंजीही गेली असेल.

पुढे १९४५ मध्ये इटलीतल्या सेनियो नदीवर नगर जिल्ह्यातल्या शिपाई नामदेव जाधवांनी जखमी सोबत्यांना भर माऱ्यात पाण्यातून पलीकडे नेलं, मग परत येऊन मशिनगनच्या चौक्या बंद पाडल्या. त्यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात त्यांचं नाव आहे. चिचांब्याच्या त्या दिवसानंतर शहाऐंशी वर्षांनी.

मला मात्र राहून राहून तो आठवा स्वार आठवतो. तो रिसाल्यात परतला असेल तेव्हा सात घरांतल्या बायका दाराशी आल्या असतील. त्याने कोणत्या घरापासून सुरुवात केली असेल?

तुमच्यातले जे इतिहास घेऊन पदवीधर झालेत, त्यांच्याकडे माझं एक काम आहे. पलटणींचे हजेरीपट, जुन्या दफ्तरातली पेन्शनचे कागद, पेन्शनपुऱ्यातल्या एखाद्या घरातली पत्र्याची पेटी, जे हाती लागेल ते चाळा. आठांतलं एक जरी नाव सापडलं, तरी मला फोन करा. रात्री-अपरात्री केलात तरी चालेल.