श्रवणशक्ति गमावलेल्यांची दाद



ज्युबिली म्हणजे बंधमुक्तीचें वर्ष. म्हणून आज आपण क्षयरोग्यांचें स्मरण करूं. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर पूर्वीं कानामायसिनचीं इंजेक्शनें देत. त्यांनीं कित्येकांची श्रवणशक्ति कायमची गेली. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन व दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांचें असेंच झालें. बेडाक्विलिनची गोळी कान राखते; हृदयाच्या ठोक्यांवर मात्र लक्ष ठेवावें लागतें. पण मक्तेदारीमुळें ती महाग होती. पेटंटची मुदत लांबविण्यास ह्या दोघींनीं २०१९ मध्यें हरकत घेतली. २०२३ मध्यें भारतीय पेटंट कार्यालयानें तो अर्ज फेटाळला.

ज्यांनीं श्रवणशक्ति गमावली, त्यांनीं इतरांसाठीं दाद मागितली. आपणांस तर ऐकूं येतें. शेजारचा रोगी औषधाचा त्रास सांगूं लागला, तर तें ऐकून त्याला डॉक्टरकडे नेणें, एवढें तरी आपण करूं या.