हरवलेली किल्ली

‘बिटकॉइनचे पाकीट’ हा शब्दप्रयोगच मुळी फसवा आहे. पाकिटात नाणे नसतेच. त्याची नोंद असते जगभरच्या हजारो संगणकांवरील सामाईक खातेवहीत. पाकिटात असते ती केवळ किल्ली. ती हरवली तर दाद मागायला येथे बँक नाही.

किल्लीची खूण म्हणून बहुतेक पाकिटे २०४८ शब्दांच्या ठराविक यादीतील बारा किंवा चोवीस शब्द लिहून घ्यायला लावतात. बारांपैकी एकच गळला असेल तर २०४८ पर्याय तपासणे संगणकाला क्षणाचे काम. चार गळले, की पर्याय सतरा लाख कोटींवर जातात. बाराही गेले, तर सारेच संपले. तज्ज्ञ येथे कुलूप फोडीत नाही, तो मालकाची अर्धवट स्मृती पुरी करतो.

स्टीफन थॉमस या प्रोग्रामरची गोष्ट वेगळी. त्यांच्या ७००२ बिटकॉइनची किल्ली ‘आयर्नकी’ या उपकरणात आहे आणि परवलीचा शब्द लिहिलेला कागद हरवला आहे. दहा चुका होताच आतला मजकूर कायमचा बंद होतो. २०२१ मध्ये ही हकीकत वृत्तपत्रांत आली, तेव्हा आठ प्रयत्न संपले होते. येथे कुलूपच फोडणे भाग. २०२३ मध्ये ‘अनसायफर्ड’ या अमेरिकी कंपनीने तसले उपकरण उघडूनही दाखविले. पण थॉमस यांनी अन्य दोन चमूंना आधीच शब्द दिला होता.