पिंपळाचे पान आणि चौकड्यांचा कोट

(केंद्रस्तरीय शिक्षक संमेलनातील व्याख्यान)



प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकात चित्रकलेच्या तासाइतका सोशिक तास दुसरा नाही. गणित मागे पडले की तो गणिताला जातो, तपासणी जवळ आली की भाषेला जातो. आणि वरून मागविलेली माहिती त्याच दिवशी भरून पाठवावयाची असली, की फळ्यावर दोन डोंगर, त्यांच्या मधोमध उगवता सूर्य, एक झोपडी व एक नारळाचे झाड काढून ‘हे उतरवून घ्या’ असे मुलांस सांगण्यात येते. ज्या गावच्या पंचक्रोशीत नारळाचे झाड औषधालाही सापडावयाचे नाही, तेथील मुलेसुद्धा ते झाड इमानाने काढतात. शाळेच्या अंगणात उभा असलेला कडुनिंब मात्र सात वर्षांत एकाही वहीत उतरत नाही.

या पार्श्वभूमीवर एका चित्रकाराच्या नित्याच्या अभ्यासाचा विचार करणे उपयुक्त होईल. हे चित्रकार म्हणजे आर. के. लक्ष्मण. त्यांची व्यंगचित्रे माहीत नाहीत असा वृत्तपत्रवाचक महाराष्ट्रात विरळा. इंग्रजीत ‘यू सेड इट’ आणि मराठीत ‘कसं बोललात!’ या मथळ्याखाली येणारे त्यांचे छोटे चौकटीतील चित्र वाचून मगच अग्रलेखाकडे वळणारी एक पिढीच्या पिढी होऊन गेली. परंतु येथे त्यांच्या विनोदाचा विचार कर्तव्य नाही. तो विनोद ज्या पाहण्यावर उभा होता, त्या पाहण्याचा विचार करावयाचा आहे.

लक्ष्मण यांचा जन्म १९२१ साली म्हैसूर येथे झाला. वडील मुख्याध्यापक होते. सुप्रसिद्ध इंग्रजी कादंबरीकार आर. के. नारायण हे त्यांचे थोरले बंधू. घरात पुस्तके व विलायती सचित्र मासिके येत. अक्षरे वाचता येण्यापूर्वीच हे मूल त्या मासिकांतील चित्रे न्याहाळीत बसे आणि नंतर घरातील जमीन, भिंती व दारे यांवर स्वतःची चित्रे काढी. मुख्याध्यापकाच्या घरातील भिंती होत्या, तरीही त्या रंगविल्या गेल्या, ही गोष्ट शिक्षकांनी विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे.

शाळेत असताना एके दिवशी वर्गात पान काढण्यास सांगितले गेले. लक्ष्मण यांनी पिंपळाचे पान काढले. शिक्षकांनी ते पाहिले आणि त्याची प्रशंसा केली. घडले ते एवढेच. परंतु आपण चित्रकार होऊ शकतो ही जाणीव त्या मुलाच्या मनात त्या क्षणापासून रुजली, असे लक्ष्मण यांनी उतारवयातही आवर्जून नमूद केले आहे. पिंपळाचे पान काढावयास सोपे नसते. त्याचा देठ लांब, बुडाशी हृदयासारखा आकार, मधली शीर टोकापर्यंत जाऊन बाहेर शेपटासारखी निमुळती होणारी. आठवणीतून ‘पान’ म्हणून जी बदामी आकृती मुले काढतात, तिला हे शेपूट नसते. ते काढावयाचे तर पान पाहिलेले असावे लागते. त्या शिक्षकांनी नेमके काय पाहून शाबासकी दिली हे आज सांगता येणार नाही. पण शाबासकी त्या पानाला मिळाली, फळ्यावरील नमुन्याच्या नकलेला मिळाली नाही, हे महत्त्वाचे.

हाच मुलगा वर्गात शिक्षकांचीही व्यंगचित्रे काढी. असे चित्र वर्गात सापडले तर काय करावे, हा प्रश्न अनुभवी शिक्षकालाही अवघड जातो. चित्र फाडणे सोपे असते. त्याहून बरे म्हणजे त्यात आपला चष्मा, आपली उभे राहण्याची ढब साधली आहे की नाही हे एकदा तटस्थपणे पाहणे. साधली असेल तर त्या मुलाचे डोळे वर्गातील इतरांपेक्षा तीक्ष्ण आहेत आणि गेले कित्येक दिवस ते आपल्यावर खिळलेले आहेत, एवढे तरी त्यावरून कळते. मात्र कोणाच्या व्यंगावर, लंगडेपणावर वा तिरळेपणावर चित्र बेतलेले असेल, तर तेथे त्याला स्पष्ट शब्दांत थांबविले पाहिजे. लकबीची थट्टा आणि व्यंगाची टवाळी यांतील भेद मुलांना समजावून दिल्यास समजतो.

लक्ष्मण यांच्या अभ्यासाचा खरा विषय घराच्या खिडकीबाहेर होता. वाळक्या काटक्या, पाने, सरपटणारे लहान प्राणी, लाकडे फोडणारे नोकर, आणि समोरच्या छपरांवर नाना तऱ्हांनी बसलेले कावळे, असे त्या खिडकीतून दिसणारे दृश्य त्यांनी आपल्या आत्मचरित्रात नोंदविले आहे. त्यांतील कावळ्याने त्यांना जन्मभर सोडले नाही. ज्या पक्ष्याला लोक कुरूप व अशुभ मानून हाकलून देतात, त्यात त्यांना चातुर्य, सावधपणा आणि रेषेचे विलक्षण सौष्ठव दिसे. व्यंगचित्रकार म्हणून कीर्ती मिळाल्यावरही त्यांनी कावळ्यांची असंख्य रेखाटने व रंगचित्रे केली.

एकच पक्षी पुन्हा पुन्हा का काढावा, असे कोणी विचारील. याचे उत्तर कोणत्याही शाळेच्या आवारात मिळते. मध्यान्ह भोजनाच्या वेळी भिंतीवर येणारा कावळा मान वाकडी करून पाहतो तेव्हा त्याची आकृती वेगळी, घास पळविताना वेगळी, पावसात भिजून बसला असता आणखी वेगळी. दहा मिनिटांत तो दहा चित्रे देतो आणि एकाही चित्रासाठी थांबत नाही. म्हणून चित्रकाराला आधी ठेवण पकडावी लागते, पिसे मागाहून. पाठ कोठे वळली, चोच कोणत्या दिशेला आहे, भार कोणत्या पायावर आहे, हे तीन-चार रेषांत टिपण्याची सवय कावळ्याने लागते. पुढे वृत्तपत्राच्या घाईत मंत्री, कारकून, पुढारी आणि पोलीस यांच्या आकृती लक्ष्मण यांच्या कुंचल्यातून अशा सहज उतरत की त्या उभ्या आहेत, वाकल्या आहेत की सटकण्याच्या बेतात आहेत हे मथळा न वाचताही कळे. त्या सहजतेचा पाया कावळ्यांनी घातला असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

माध्यमिक शिक्षणानंतर लक्ष्मण यांनी मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयात प्रवेशासाठी अर्ज केला. विद्यार्थी म्हणून प्रवेश देण्यास लागणारी गुणवत्ता त्यांच्या चित्रांत नाही, अशा आशयाचे पत्र संस्थाप्रमुखांकडून आले आणि प्रवेश नाकारला गेला. ही हकीकत सांगताना हसण्याची प्रथा आहे, आणि नकारामुळे माणूस जिद्दीला पेटतो असा बोधही तीतून काढला जातो. तो बोध शिक्षकाने तरी स्वीकारू नये. नकार पचवून पुढे गेलेल्यांची नावे आपल्याला ठाऊक होतात. नकारापाशीच थांबलेल्यांची नावे कोणालाच ठाऊक होत नाहीत. लक्ष्मण यांच्यापाशी त्या पत्रापूर्वीचे एक पान होते व त्याला मिळालेली शाबासकी होती. ज्या मुलापाशी तेवढेही नसते, त्याचे काय होते याचा विचार प्रत्येकाने आपापल्या वर्गापुरता करावा.

ते म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात गेले, पदवीधर झाले आणि चित्रे काढीतच राहिले. ‘हिंदू’ पत्रात येणाऱ्या नारायण यांच्या कथांसाठी त्यांनी चित्रे काढली, ‘कोरवंजी’ या कानडी विनोदी मासिकासाठी काढली. नंतर मुंबईस ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये काही काळ काम केले, तेथे बाळ ठाकरे हे त्यांचे सहकारी व्यंगचित्रकार होते. १९४७ साली ते ‘टाइम्स ऑफ इंडिया’त आले आणि पन्नासहून अधिक वर्षे तेथेच राहिले.

आता त्यांनी घडविलेल्या पात्राकडे वळू. स्वातंत्र्यानंतरच्या आरंभीच्या चित्रांत भारतीय जनता दाखवावयाची म्हणजे लक्ष्मण यांना गर्दीच काढावी लागे. प्रत्येक प्रांताचा पोशाख वेगळा, पागोटे वेगळे, चेहरेपट्टी वेगळी; बंगाली, तमिळ, पंजाबी, गुजराती असे सारेच चौकटीत आले पाहिजेत. वृत्तपत्राची वेळ मात्र कोणासाठी थांबत नाही. घाईच्या दिवशी चार माणसे कमी झाली, पुढे आणखी कमी झाली, आणि असे गाळता गाळता शेवटी एकच माणूस उरला. १९५१ पासून दैनंदिन चौकटीत स्थिरावलेला तो ‘कॉमन मॅन’, म्हणजेच सामान्य माणूस. ही निवड एका रात्रीत सुचलेली नव्हती. अनेक माणसे वर्षानुवर्षे काढल्यावर त्यांतून ती गाळून निघाली. उसाच्या रसाची काहिली आटून गूळ हाती यावा, तसाच हा प्रकार.

त्याची घडण बारकाईने पाहावी. टक्कल, कानांमागे उडणारे पांढरे केस, गोल चष्मा, ओठावर दाट आखूड मिशी, अंगात चौकड्यांचा कोट आणि खाली धोतर. कोट कचेरीतला व धोतर घरातले. तो अमुक एका प्रांताचा आहे असे ठामपणे सांगता येत नाही, आणि परका तर कोठेच वाटत नाही. वय झालेले आहे, त्यामुळे फसवणुकीची त्याला सवय आहे. भुवया मात्र अजून वर चढतात, म्हणजे आश्चर्य संपलेले नाही. चौकड्यांच्या कोटामुळे कितीही गर्दीत, कितीही लहान आकारात तो चटकन ओळखू येतो. आणि सर्वांत मोठी गोष्ट अशी, की तो बोलत नाही. मंत्री बोलतात, अधिकारी बोलतात, त्याची पत्नीही बोलते. तो उभा राहून पाहतो. चित्रकाराने स्वतःची सवयच त्या पात्राला देऊन टाकली असावी.

पात्र घडविण्याचे हे कसब त्यांनी इतरत्रही वापरले. १९५४ साली एशियन पेंट्स कंपनीसाठी त्यांनी काढलेला, कपाळावर झुलपे आलेला आणि हातात रंगाचा डबा व कुंचला घेतलेला खोडकर ‘गट्टू’ पुढे कित्येक दशके रंगाच्या डब्यांवरून खेडोपाडी पोहोचला. ‘मालगुडी डेज’ या दूरदर्शन मालिकेतील रेखाटनेही त्यांचीच. २००३ साली पक्षाघाताने त्यांच्या शरीराची डावी बाजू निकामी झाली. त्यानंतरही उजवा हात कागदावर चालत राहिला. २६ जानेवारी २०१५ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले.

हे सर्व वर्गात कसे आणावे? साहित्याची अडचण सांगू नये. पाटी आहे, कोळसा आहे, जुन्या उत्तरपत्रिकांची कोरी पाठ आहे. आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटे मुलांना अंगणात बसवावे आणि एकच वस्तू महिनाभर द्यावी: कावळा, शेळी, पाण्याची घागर किंवा तोच दुर्लक्षित कडुनिंब. फळ्यावर नमुना काढू नये. खोडरबर काढून घ्यावे. चुकलेली रेषा राहू द्यावी व शेजारी दुसरी काढू द्यावी. वरच्या वर्गांत पात्राचा प्रयोग करून पाहता येईल. गावच्या बाजारातील दहा माणसे आठवून काढावयास सांगावे, मग त्यांतून आपल्या गावाचे असे एकच माणूस प्रत्येकाने घडवावे: पोशाख कोणता, हातात काय, उभे कसे. पहिल्या प्रयत्नात बहुतेकांचे पात्र चित्रपटातील नायकासारखे दिसेल. निराश होऊ नये. बाजार पुढच्या आठवड्यातही भरतो.

वर्णनात्मक नोंदीबद्दल एक सूचना. ‘चित्रे छान काढतो’ हे वाक्य चाळीस मुलांच्या नावापुढे लिहिल्याने एकाही मुलाविषयी काही कळत नाही. ‘शेळीच्या मागच्या पायाचा बाक हिने प्रथमच बरोबर पकडला’ असे लिहिण्यास अर्धा मिनिट अधिक लागतो; त्यासाठी शिक्षकाला शेळीही पाहावी लागते. प्रत्येक चित्राखाली तारीख घालावी, गुण घालू नयेत. जूनमधील कागद व मार्चमधील कागद एकाच दोऱ्यात ओवून वर्गात टांगून ठेवावेत आणि पालकसभेच्या दिवशी ते तसेच पालकांच्या हाती द्यावेत. आधी त्यांतील चांगले-वाईट निवडत बसू नये.