ताबा मिळेना, सही मात्र आजच हवी!

आजचा विषय पहिल्या घराचा. म्हणजे वास्तुशांतीचा नाही हं, त्याच्या आधीच्या त्या लांबलचक वाट बघण्याचा.

आम्ही पुण्यात बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत टू बीएचके बुक केला. सेल्स ऑफिसमध्ये पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "आज टोकन द्या, सोमवारपासून रेट वाढतोय." मग २० टक्के भरा, अ‍ॅग्रीमेंट नंतर करू. इथे एक आकडा पाठ करून ठेवा: १०. रेरा कायदा २०१६ चा आहे. त्याच्या कलम १३ नुसार, विक्री करार नोंदवल्याशिवाय बिल्डर घराच्या किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. आम्ही तेवढंच सांगितलं आणि आधी करार नोंदवून घेतला. सोमवारी रेट काही वाढला नाही!

करारात ताब्याची तारीख होती. ती आली आणि गेली. इकडे घरभाडं चालू, तिकडे प्री-ईएमआय चालू. महिन्याच्या पाच तारखेला दोन्ही कापले जायचे आणि मी आणि बायको एकमेकांकडे बघायचो.

मग एक दिवस फोन आला, "सर, फर्निचरसाठी चावी घेऊन जा. फक्त एका कागदावर सही करा." तो कागद मी घरी आणला आणि नीट वाचला. त्यात दोन गोष्टी होत्या. उशिराबद्दल माझी काही तक्रार नाही, आणि मी व्याज मागणार नाही. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, मिळालेलंच नव्हतं.

खरं प्रेशर बिल्डरचं नव्हतंच, घरचं होतं. बाबा म्हणाले, "अरे, सही करून टाक. उद्या त्याच्याच इमारतीत राहायचंय, वैर कशाला?" सासूबाईंनी मुहूर्तसुद्धा काढला होता. त्यांचं चुकत नव्हतं, त्यांना आमची ओढाताण दिसत होती.

पण कलम १८ काय म्हणतं बघा. करारातल्या तारखेला ताबा दिला नाही, तर तुमच्यापुढे दोन वाटा असतात. बाहेर पडायचं असेल तर पैसे व्याजासकट परत. थांबायचं असेल तर ताबा मिळेपर्यंत उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज. त्या कागदावरच्या सहीने मी हाच हक्क सोडून देणार होतो.

मी चावी घेतली नाही. ईमेल लिहिला, चारच ओळींचा: करारातली तारीख, आजची तारीख, ओसी कधी मिळणार, व्याजाचं काय. फोनवर झालेलं प्रत्येक बोलणंसुद्धा त्याच दिवशी ईमेलवर टाकत गेलो. "आत्ता फोनवर ठरल्याप्रमाणे..." अशी सुरुवात करायची, बास. महारेराच्या वेबसाइटवर प्रकल्पाचं पान उघडून पूर्णत्वाची तारीख किती वेळा पुढे गेली तेही सेव्ह करून ठेवलं.

शेवटी आम्ही महारेराच्या सलोखा मंचाकडे गेलो. तिथे दोन्ही बाजूंची तयारी लागते. बिल्डर आला. आम्ही मागितलं तेवढं व्याज मिळालं नाही, पण बरीचशी रक्कम शेवटच्या हप्त्यातून वजा झाली, आणि ताबा ओसीनंतरच मिळाला. मधले आठ महिने मात्र फार जड गेले, ते लपवत नाही.

म्हणून सांगतो, असा कागद समोर आला तर "वाचून दोन दिवसांत कळवतो" एवढंच म्हणा. भांडायची गरज नाही. दोन दिवसांत वकिलाला दाखवा. त्याची फी घराच्या किमतीपुढे काहीच नसते. आणि आईबाबांना तो कागद मोठ्याने वाचून दाखवा. बाबांनी दुसरा परिच्छेद ऐकला आणि स्वतःच म्हणाले, "नको रे, थांबू या."

तुमच्याकडेही असा कागद आला असेल तर आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!